साकवाचा ठराव

शनिवार, ५ मार्च १९३८. सकाळची शाळा. हजर: सहावीचे मुलगे सोळा, मुली तीन आणि मी. गैरहजर: मुलगे दोन, गुऱ्हाळावर गेलेले. विषय: लोकल बोर्डाचा कारभार.

कलेक्टर कुठे, बोर्ड कुठे, आपलं गाव कुठे, हे फळ्यावर चौकोन काढून सांगून झालं होतं. पोरांनी चौकोन छान उतरवून घेतले. डोक्यात काही शिरलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी वर्गाचंच बोर्ड केलं. खऱ्या बोर्डाला सारा भरणाऱ्यांनाच मत होतं. आमच्या वर्गात सगळ्यांना. अध्यक्ष म्हणून मागच्या बाकावरचा एकजण निवडून आला, कारण त्याचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जाई.

कामं दोनच पुढे आली. पहिलं, आट्यापाट्यांचं मैदान सपाट करणं. दुसरं, ओढ्यावर साकव, म्हणजे ओंडक्यांचा छोटा पूल. ते मांडलं पलीकडच्या वस्तीवरच्या एका मुलीने. मागच्या पावसाळ्यात ओढ्याने तिचं दप्तर नेलं होतं आणि ती थोडक्यात वाचली होती. वडिलांनी सांगून टाकलं होतं, मिरगापासून घरी बसायचं. पुढच्या साली सातवीची परीक्षा. पावसाचे महिने बुडाले की परीक्षा बुडाली, आणि मुलीची शाळा एकदा सुटली की सुटलीच. हे वर्गाला ठाऊक होतं, तरी एकाने बेडकीला कशाला साकव पाहिजे म्हणून विचारलं, आणि पोरं हसली.

मी हात वर करायला सांगितले, मोजले, फळ्यावर लिहिले. मैदानाला भरभरून मतं. साकवाला वस्तीवरच्या चौघांची. बाकीच्यांना ओढा ओलांडायचाच नव्हता. बहुमत म्हणजे हेच, असं मी सांगितलं आणि खडू ठेवला. धडा वेळेत संपल्याचं समाधानही वाटलं.

ती खाली बसली नाही. रडलीही नाही. वर्गाकडे वळून म्हणाली, "आमची घरं पाच. आमी कवा जिंकणार? मळणीच्या पैऱ्याला आमच्या आप्पाला बोलावतासा, तवा हात मोजतासा व्हय रं?"

आमच्याकडे मळणी पैऱ्यानेच होते: आज सगळे याच्या खळ्यावर, उद्या त्याच्या. एकाचं भात जास्त, एकाचं कमी, पण पाळी कुणाची चुकत नाही. माझ्या पुस्तकात बहुमतावर पानंच्या पानं होती, पाच घरांवर एक ओळ नव्हती.

अध्यक्षाने डोकं खाजवलं. म्हणाला, "खरं हाय मास्तर. पैऱ्याला कोण मोजत न्हाय."

मग ठराव नव्याने झाला. आधी साकव, कठड्यासह. मग वस्तीवरच्यांनी मैदानावर राबायचं. या वेळी हात मोजावे लागले नाहीत, तरी मी मोजले. शिस्त ती शिस्त.

बोर्डाकडे अर्ज कसा करायचा हा पुढचा धडा होता, तो घेतला आणि अर्ज टपालात टाकला. त्याच्यावर विसंबून मात्र राहिलो नाही. पोरांनी ठराव घरोघरी नेला आणि घरचं डोकं खाल्लं. जांभळीचे दोन ओंडके मिळाले, बैल मिळाले, सुतार मिळाला. मिरगाच्या आधी साकव उभा राहिला. मुलीचे वडील आले, मधोमध उभे राहून त्यांनी दोन-तीन उड्या मारल्या आणि म्हणाले, "बरं हाय. येऊ दे पोरीला."

पहिल्या पावसाच्या दिवशी ती वेळेवर आली. पाय चिखलाचे, पाटी कोरडी. मैदानही दिवाळीपर्यंत सपाट झालं. वस्तीवरच्या चौघांनी पैरा चोख फेडला आणि आट्यापाट्यांत इकडच्यांना हरवलंही. पुढच्या साली ती सातवी पास झाली.

तेव्हापासून दर जूनमध्ये नव्या सहावीला तो ठराव मी वाचून दाखवतो, आणि झालेल्या कामांवर पोरांकडूनच खूण करून घेतो. साकव, झाला, ओंडके मध्ये एकदा बदलले. मैदान, झालं. बोर्डाचं उत्तर आलेलं नाही. स्मरणपत्र लिहिणं हा आता धड्याचाच भाग आहे. यंदा एका धाकट्या पोराने साकवावर धरायला काय आहे म्हणून विचारलं. कठडा अजून व्हायचाय.