आईच्या हाताचं कार्ड

आईच्या मनगटाचे टाके काढले, त्या दिवशी मी तिच्याशी खोटं बोललो. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आई कामठीला विड्या वळायची. मांडीवर तेंदूच्या पानांचं सूप, हातात कैची. त्या विड्यांवर मी शिकलो, नागपूरच्या शाळेत मास्तर झालो. आणि मास्तर झाल्यावर — कसं सांगू? — मला त्या सुपाची लाज वाटू लागली. शाळेतलं कुणी घरी आलं की मी ते पायानं खाटेखाली सरकवत असे. सोड म्हणून किती विनवलं. "हात चालते तोवर वळीन गा," एवढंच ती म्हणायची.

मग बोटं बधिर झाली. कैची हातातून पडू लागली. नागपूरच्या दवाखान्यात मनगटातली दबलेली नस मोकळी केली. टाके निघाल्यावर आईला आत पट्टी बांधत होते, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हाती इंग्रजी कार्ड दिलं. कोमट पाण्यात मूठ मिटा, उघडा. अंगठा एकेका बोटाला टेकवा. व्रणावर तेल चोळा. नाहीतर हात आखडेल. "तुम्ही मास्तर आहात, करून घ्याल," म्हणाल्या. आठवड्यानं आईला परत दाखवायला न्यायचं होतं.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणे बाई?"

"हालवायचा नाही म्हणे. बांधूनच ठेवायचा."

हात चालते तोवर — हेच माझ्या मनात होतं का? की बोलून गेलो नुसता? नाही. मनात होतं.

परत नेलं नाही. ती फडक्यात हात बांधून महिनोन्‌महिने बसून राहिली. विड्या सुटल्या — पण भाकर थापणंही सुटलं, लुगड्याची गाठही. वेणी मी घालायचो. शेजारणीला हसून सांगायची, "पाटलीण झाली वं मी. पोरगा वेणी घालून देते."

एकदाच तिनं विचारलं. डाव्या हातातला घास सांडला होता. "बाईनं सांगतलं तसंच केलं ना गा मी? मंग माह्यं काय चुकलं?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी ताट पुसलं.

आई जाऊन दोन महिने झाले. शेवटची अंघोळ घालताना बायकांनी तो हात उघडून पाहिला. उघडला नाही.

कार्ड माझ्या शब्दकोशात आहे. त्यावरचे व्यायाम मला पाठ आहेत.