वाकड्या भिंतीतलं कवाड

लटारू वाढई चांद्याकडच्या मूल गावापासून कोसभर आतल्या खेड्यात राहायचा. आसपासच्या गावांतली कितीतरी दारं त्याच्या हातची होती. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र आतल्या खोलीला दार नव्हतं, रुखमाचं जुनं लुगडं तिथं लोंबत असे. घरात तो, बायको रुखमा, नुकतीच चालायला लागलेली मंगली आणि लटारूची म्हातारी आई शकुबाई. शकुबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं.

चोपन्न साली धानाच्या रोवणीच्या दिवसांत रुखमाच्या थुंकीतून रक्त पडलं. मूलच्या डॉक्टरने क्षय सांगितला. चांद्याच्या दवाखान्यात खाट रिकामी नव्हती, झाली की निरोप येणार होता. तोवर तिला वेगळ्या खोलीत ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि काही झालं तरी लेकरू जवळ जाऊ देऊ नका, असं त्याने लटारूला दोनदा बजावलं.

लुगडं काय अडवणार? मंगली त्याच्या खालून आत शिरायची. शकुबाईला कळायचं ते आतून हाक आल्यावर. रुखमा भिंतीकडे तोंड करून पडायची आणि पोर तिच्या पाठीवर डोकं टेकून रडायची. एक दिवस रुखमा नवऱ्याला म्हणाली, "कवाड लावा. मीच तिले रोज हाकलू काय?"

लटारूने त्याच दिवशी काम धरलं. घर त्याच्या बापाने मातीचं बांधलं होतं आणि भिंत वर्षानुवर्षं कलत गेली होती. दाराची जागा वर अरुंद आणि खाली रुंद झाली होती. भिंत फोडून सरळ चौकट बसवावी, तर छपराचा भार तिच्यावरच होता आणि पाऊस लागून राहिला होता. दुसऱ्याच्या घरी असं काम आलं असतं तर त्याने भिंतीला आधार देऊन उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं असतं.

घरात सुकं सागवान होतं ते शेजारच्या सोमाजीचं. त्याने आपल्या घराच्या दारासाठी आणून ठेवलं होतं. लटारूने विचारलंसुद्धा नाही. वरच्या बाजूला माप घेतलं, त्याच मापाने फळ्या कापल्या, मागून पट्ट्या ठोकल्या आणि दाराचा पल्ला उभा केला. वर तो नीट बसला. खाली मात्र एका अंगाला एवढी जागा उरली, की हातातला हातोडा खाली ठेवायच्या आत मंगली आडवी होऊन त्यातून आत गेली.

इतक्या वर्षांच्या कामात असं माप त्याचं कधी चुकलं नव्हतं. तो तिथंच उकिडवा बसला आणि रडला. आतून रुखमाचा खोकला ऐकू येत होता. शकुबाईने चाचपडत आत जाऊन पोरीला ओढून आणलं.

सोमाजी आला तेव्हा कापलेल्या फळ्या पसरलेल्या होत्या. सोमाजीने आत नजर टाकली आणि म्हणाला, "माहं दार उन्हाळ्यात करजो." मग त्यानेच बांबूची एक चटई आणून त्या जागेवर ताणून धरली. लटारूने कोळशाने तिच्यावर भिंतीची वाकडी कड उतरवून घेतली. त्या आकाराची, वर निमुळती आणि खाली रुंद पट्टी काढून त्याने पल्ल्याला जोडली. कडी बाहेरून लावली, पोरीचा हात पुरणार नाही इतकी उंच.

दार बसलं. पण खोलीची जमीनही आत चढत गेलेली होती. बाहेर उघडावं तर धान साठवायची ढोली आड येत होती. आत उघडायचं म्हणून पल्ला खालून कापून आखूड करावा लागला, आणि दार मिटल्यावर खाली चार बोटं फट राहू लागली. जमीन खरवडायला गेला, तर धुळीने रुखमाचा जीव घाबरा झाला. त्याने कुदळ टाकून दिली.

मंगली दिवसभर दारापाशी पालथी पडून त्या फटीतून हात घालायची. एका दुपारी लटारू जेवण द्यायला गेला. दार थोडं उघडताच त्याला रुखमा खाट सोडून जमिनीवर पडलेली दिसली. तोंड तिने पदराने झाकून दुसरीकडे वळवलं होतं. एक हात मात्र फटीकडे लांबवलेला होता.

"बोटच लावून राह्यलो," ती म्हणाली. "श्वास नाई लागू देत तिले. एवढी फट राहू द्या."

लटारू ताटली ठेवून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी त्याने येनाच्या टणक लाकडाचा उंबरा तासला, पल्ल्याच्या बाहेरून जमिनीत घट्ट बसवला आणि फट बुजवली. नंतर कितीतरी दिवस रुखमा त्याच्याशी बोलली नाही. जेवण मात्र घ्यायची. मंगली लाकडावर थापा मारायची, कंटाळली की शकुबाईच्या मांडीवर जाऊन निजायची.

दसरा झाल्यावर एकदा पाणी घेताना रुखमा म्हणाली, "तुमच्यावर राग नाई माहा. पण त्या दिवशी तुमी मले मेल्यावानी केलं."

लटारूने कळशी खाटेपाशी ठेवली आणि बाहेर येऊन कडी लावली.

दवाखान्याचा निरोप कार्तिकात आला. बैलगाडी जुंपली तेव्हा सोमाजीची बायको मंगलीला घेऊन शेतावर गेली होती, रुखमानेच तसं सांगितलं होतं. चांद्याला ती महिनाभर जगली. लटारू तिथंच दवाखान्याच्या आवारात चूल मांडून राहिला, आणि एकटाच परत आला.

मंगलीला तो रोग लागला नाही. पुढे तिचं लग्न मूलच्या अलीकडच्या गावात झालं. लटारूने सोमाजीचं दार सांगितल्याप्रमाणे उन्हाळ्यात करून दिलं.

पण तो चांद्याहून आला त्या दिवशीचं शकुबाई पुढे सांगायची. त्याने आल्या आल्या कडी काढून दार सताड उघडलं. मंगली उंबरा ओलांडून आत गेली. रिकामी खाट तिने हाताने चाचपली, खाटेखाली वाकून पाहिलं. मग बाहेर आली आणि बापाच्या मागे रस्त्याकडे बघत उभी राहिली, आणखी कोणी मागून येतंय का म्हणून.