पोटाशी शिवलेला हात

पंचवटीत भाजीबाजाराकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी आमची रसवंती आहे. ऊस मशीनमध्ये घालायचं काम माझं, रस गाळून ग्लास भरायचं ह्यांचं. एका उन्हाळ्यात दुपारच्या गर्दीत चिपाडं दुमडून पुन्हा आत घालताना माझी बोटं त्यांच्याबरोबर रोलरमध्ये ओढली गेली. ह्यांनी बटण बंद केलं, चाक हाताने उलटं फिरवलं. हात बाहेर आला तेव्हा बोटं पाचही होती, पण हाताच्या पाठीवरची कातडी मनगटापर्यंत निघून गेली होती. तेव्हा दुखलं नाही. रिक्षात बसल्यावर दुखायला लागलं.

दवाखान्यात जखम धुऊन दोन दिवस झाल्यावर प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरबाई आल्या. ह्यांनी विचारलं, "मांडीची पातळ कातडी काढून लावतात ना?"

"ती इथे धरणार नाही," त्या म्हणाल्या. "लावलेली कातडी खालच्या मांसातून रक्त घेते. इथे खाली बोटं उचलणाऱ्या दोऱ्याच उघड्या पडल्यात. चरबीसकट जाड कातडी लागेल, आणि तिचं रक्त चालू ठेवून."

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. जांघेच्या वरची कातडी तीन बाजूंनी सोडवायची, चौथी बाजू तशीच ठेवायची आणि त्या कातडीखाली हात शिवायचा. तीन आठवड्यांत हाताकडून नव्या रक्तवाहिन्या आत शिरल्या की चौथी बाजू कापायची.

"तीन आठवडे हात तिथेच?" मी विचारलं.

"तिथेच."

माझी आई नाही. ह्यांना धंदा बघायचा होता, आणि बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहू देत नव्हते. म्हणून नामपूरहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. आम्ही शेती सोडून नाशकाला आलो ते माझ्यामुळे, असं त्यांच्या मनात होतं. सणाला गेले तरी आमचं बोलणं कामापुरतं. त्या पिशवी घेऊन वॉर्डात आल्या तेव्हा मला वाटलं, हे तीन आठवडे हातामुळे नाही, आत्यांमुळेच जड जाणार.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तर उजवा हात ओटीपोटाच्या कडेला शिवलेला, वरून चिकटपट्ट्यांनी बांधलेला. कुशीवर वळता येत नव्हतं. शिंक आली तरी भीती वाटायची. जेवण, वेणी, अंग पुसणं, बेडपॅन, सगळं आत्यांनी केलं. पहिल्या दिवशी बेडपॅन मागायची लाज वाटून मी पाणीच प्यायले नाही. संध्याकाळी त्यांनी भरलेला तांब्या पाहिला.

"पानी पी," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "मी चार पोरं वाढवेल शेत."

मी पाणी प्यायले.

हाताखाली काय चाललंय ते त्यांना मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाई भेट कलम शे. आमनाकडे आंबानं असंच करतस. जीव धरस तवलोंग मायपासून तोडाना नही." आंब्याची फांदी कलमात जीव धरेपर्यंत मूळ झाडापासून तोडत नाहीत, हे मला माहीत नव्हतं, पण त्यानंतर त्या डॉक्टरबाईंना नीट प्रश्न विचारायला लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरबाई रोज त्या चौथ्या बाजूला रबराची नळी आवळून बांधायच्या. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. तेवढ्या वेळात कातडीचा रंग बदलला नाही, तर हाताचं रक्त तिला पुरतंय असं समजायचं. हे एकदा बघायला उभे राहिले आणि व्हरांड्यात निघून गेले. आत्या मात्र खाली वाकून बघत राहायच्या. एका दिवशी कड काळसर पडली. डॉक्टरबाईंनी नळी सोडली आणि आणखी दोन दिवस थांबायचं ठरवलं. ते दोन दिवस आत्यांनी माझ्याशी त्यांच्या माहेराबद्दल, विहिरीबद्दल, त्यांच्या सासूबद्दल इतकं बोलून घेतलं, जितकं लग्नापासून बोलल्या नव्हत्या. मीही बोलले. नाशकाला यायचा हट्ट माझा नव्हता, ह्यांचा होता, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "मंग सांगं नही?"

"तुम्ही विचारलं नाही."

दोन दिवसांनी हात सुटला.

सुटला म्हणजे सुंदर झाला असं नाही. हाताच्या पाठीवर भाकरीएवढा जाड गोरा लगदा, बोटं वाकायला तयार नाहीत. व्यायामाला सहा महिने गेले. त्या कातडीला आधी काही कळायचंच नाही. तव्याला लागून फोड आला तो मला दुसऱ्या दिवशी दिसला. आता कडेने थोडं कळतं. ती कातडी पोटाचीच राहिली आहे, माझं वजन वाढलं की हातही जाड होतो. बटण लावता येतं, सही करता येते, भाकरी थापता येत नाही. मशीनला आता पुढे लोखंडी जाळी बसवली आहे, आणि ऊस हे घालतात.

गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी मला मुद्दाम बोलावलं. विंचूरकडचा एक माणूस होता, मशीनच्या पट्ट्यात हात गेलेला. हात पोटाला शिवायचा म्हटल्यावर तो नाही म्हणत होता. मी हात त्याच्यापुढे केला, मूठ मिटून उघडून दाखवली. त्याने कातडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, तीन आठवडे जेवला कशा?"

"सासूने भरवलं. तुमच्याकडे कोण आहे?"

त्याने दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. ती आत आली आणि मला म्हणाली, "बेडपॅनचं कसं करायचं, ते आधी सांगा." मी खुर्ची ओढून बसले.