शेऱ्याचा रकाना

ऑफिसात तिला सगळेच आत्या म्हणत, पण ती सख्खी आत्या एकट्या टिंगूची. टिंगू म्हणजे कंपनीचा मालक. लहानपणी वीतभर होता म्हणून हे नाव पडलं. आता तो दारातून वाकून आत येतो, तरी आत्याच्या तोंडातून ते नाव काही जात नाही.

आत्याने बावीस वर्षं कपडे शिवले. गिऱ्हाइकांच्या मापांची तिची वही एकदा बादलीत पडली आणि शाई पार वाहून गेली. तिने अन्नपाणी सोडलं, तेव्हा कॉलेजातल्या टिंगूने तिला कॉम्प्युटरवर वही करून दिली. तीच पुढे ‘मापवही’ झाली. आता सहाशे शिंपी ती वापरायचे, आणि अडलं की फोन आत्याला.

“आत्याबाई, कालची पँट सापडत नाही हो!”

“मास्तर, गिऱ्हाइकाचं नाव टाका, पँटचं नको. पँट काय ओ देणार आहे?”

मापांच्या खाली आत्याच्या हट्टाने एक रकाना ठेवलेला होता, शेऱ्याचा. ‘डावा खांदा उतरता, पण तसं बोलू नये.’ ‘कंबर दोन बोटं कमी सांगणे, शिवताना खरी धरणे.’ ‘बहीण सोबत आली तर रंग तिलाच विचारणे.’ आत्या फावल्या वेळात शिंपीमास्तरांनी लिहिलेले हे शेरे वाचून एकटीच खुदखुदायची.

एका सोमवारी टिंगूने सगळ्यांना गोळा केलं. सगळे म्हणजे आत्या आणि दोन प्रोग्रामर मुली.

“महिनाअखेर मापवही बंद. आता सगळं नव्याने, एआयवर. फोटो काढला की मापं तयार. टेपसुद्धा नको!”

“आणि शेरा?” आत्याने विचारलं.

“तो कशाला? मशीनला सगळं दिसतं.”

“दिसत असेल. पण काय बोलू नये, ते कळतं का?”

मुली फिसकन हसल्या. टिंगू वैतागला. “आत्या, तू भावनेच्या भरात बोलतेयस.”

“सहाशे माणसांची अक्कल आहे त्या रकान्यात. ती काय बादलीत टाकू?”

पुढच्या गुरुवारी गुंतवणूकदार येणार होते. टिंगू त्यांच्यासमोर मशीनच्या मापाचा कोट घालून उभा राहणार होता. आत्याचे डोळे चमकले.

“कोट मी शिवते. मशीनच्या आकड्यांत दोऱ्याचाही फरक करणार नाही. नीट बसला, तर मी शेऱ्याचं नाव काढणार नाही, मास्तरांची समजूतही मीच घालेन. नाही बसला, तर सगळ्या शेऱ्यांसकट रकाना तुझ्या मशीनमध्ये.”

“लागली पैज!”

टिंगू भिंतीला टेकून ताठ उभा राहिला आणि फोटो निघाला. आत्या चष्म्यावरून बघत होती. बघितलं आणि मशीनचे आकडे तेवढे उतरवून घेतले.

बुधवारी दुपारी कोट आला. टिंगूने तो चढवला, बटण लावलं आणि ऐटीत वळला. “बघ! कसा बसलाय!”

“छान. आता श्वास सोड.”

टिंगूने श्वास सोडला. बटण सुटलं ते थेट थोरल्या प्रोग्रामरच्या कॉफीत.

“मशीनचं चुकलं?” ती कप पुसत म्हणाली.

“नाही गं, त्याला दिसलं तेच त्याने मोजलं. फोटो म्हटला की कोण पोट आत घेत नाही?” आत्याने गळ्यातला टेप काढला. “टिंगू, दादाचा गुडघा कसा आहे रे?”

“बाबांचा? काय सांगू आत्या, डॉक्टरने जिने चढू नका म्हटलं, तर हे गच्चीवर जाऊन...”

टिंगू सांगत सुटला. आत्याने हळूच टेप फिरवला. “हं. अडीच इंच जास्त.”

“तू मला बोलण्यात गुंतवलंस!”

“सगळे शिंपी असंच माप घेतात. माणूस घरचं बोलायला लागला की पोट आपोआप सुटतं.”

“म्हणजे फोटो बोलता बोलता काढायचा,” धाकटी प्रोग्रामर टुणकन उठली. “आणि काय बोलायचं ते शेऱ्यातून घ्यायचं!”

टिंगू धपकन खुर्चीत बसला. “उद्या गुंतवणूकदार येतायत आणि माझ्या कोटाचं बटण लागत नाही.”

“काढ इकडे. आत तीन इंच कापड सोडलंय. भाच्याला उघडं पाडीन होय?”

महिनाअखेर मापवही बंद झाली. शेवटच्या दिवशी आत्याने तिच्यात दोनदा उगाचच आपलं जुनं माप उघडून पाहिलं. मग डोळे पुसून नव्या मशीनसमोर बसली. सहाशे मास्तरांचे शेरे आले होते. वर एक नवा होता, तिनेच लिहिलेला: ‘फोटोत पोट आत घेतो. आधी वडिलांच्या गुडघ्याची चौकशी करणे.’

“आत्या! हे गुंतवणूकदारांना दिसेल!”

“दिसू दे की. कोट बसला ना?”