सतरा किलोची सायकल आणि सामोदचा उतार

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी सुहासला सांगितलं की मला सामोदच्या डोंगरात सायकल न्यायची आहे, आणि वरून खाली चालवत आणायची आहे. तो मटार सोलत होता. "कोणती सायकल?" एवढंच त्याने विचारलं. सायकल मी तोवर घेतलेली नव्हती.

हा ब्लॉग पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी थोडी माहिती. मी अकोल्याची, माझा नवरा सुहास साताऱ्याचा. सहा वर्षांपूर्वी आयटीच्या नोकरीसाठी जयपूरला आलो आणि मालवीय नगरमध्ये राहतो. रविवारी शहराभोवतीच्या डोंगरांत सायकल चालवायची, हा आमचा एकत्र असा एकच उद्योग. चौदा महिन्यांपूर्वी आमेरच्या मागच्या एका उतारावर मी पडले. कॉलरबोन मोडलं आणि कमरेच्या मणक्याला बारीक चीर गेली. सुहास माझ्या आधी उतरून वळणापलीकडे खाली पोचला होता आणि तिथून ओरडून सांगत होता, "ब्रेक सोड, काही होत नाही, मी आलो की असाच." मी ब्रेक सोडला. त्यानंतरचं मला ॲम्ब्युलन्सपासून आठवतं.

हाड जुळलं, मणकाही सावरला. डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली, पण खालून धक्के बसता कामा नयेत म्हणाले. माझी जुनी सायकल हार्डटेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला शॉक असलेली. मागचं चाक दगडावर आपटलं की तो दणका थेट कमरेत येतो. मला पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉक असलेली, फुल सस्पेन्शन सायकल हवी होती. अडचण किमतीची. चांगली नवी फुल सस्पेन्शन सायकल घ्यायची तर त्या पैशात मोटरसायकल येते.

सुहासचं म्हणणं होतं की स्वस्तातली फुल सस्पेन्शन घेण्यात अर्थ नाही. ती जड असते, मागचा शॉक नुसता स्प्रिंगचा असतो, चढावर पेडल मारलं की अर्धी ताकद तो स्प्रिंगच खातो. त्याच पैशात उत्तम हार्डटेल येते. सायकलींच्या जगात कुणालाही विचारा, हेच सांगतील. मीही कधीकाळी लोकांना हेच सांगायचे. पण त्यातल्या कुणाच्या कमरेला चीर गेलेली नव्हती.

शेवटी टिळक नगरमध्ये एक जुनी सायकल मिळाली. घरातले काका रेल्वेत, मूळचे भुसावळचे, आणि आता कोट्याला बदली झालेली. सायकल त्यांच्या मुलीची, सलोनीची. ती जयपूरलाच वाढलेली, त्यामुळे मराठी जरा अडखळत बोलायची. "मी हिला जास्त नाही चालवली," ती म्हणाली. "मतलब, चार-पाच वेळाच. ही खूप भारी आहे ना, वजनाने. पण उतरताना एकदम सोफ्यासारखी आहे." काकांनी किंमत सांगितली, अठ्ठावीस हजार. मी घासाघीस केली नाही, कारण सलोनीने सायकल पुसून, चेनला तेल देऊन ठेवली होती आणि मागच्या सांध्यातला एक बोल्ट मधूनमधून ढिला होतो, तो तपासत जा, हेही आपणहून सांगितलं होतं.

घरी येऊन वजन केलं. सतरा किलो. सुहासने काटा पाहिला. दोन दिवसांनी म्हणाला, "मीही येतो." पडल्यानंतर आम्ही दोघं डोंगरात एकदाही एकत्र गेलो नव्हतो. माझी कमर हे कारण होतं. ती बरी झाल्यावरही आम्ही तेच कारण चालवत राहिलो होतो.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. थंडी होती, बोटं ब्रेकवर आखडत होती. शहर जागं व्हायच्या आत पलीकडच्या टोकाला पोचलेलं बरं. एकदा सीकर रोडला लागलात की मोठा रस्ता सोडून बाजूच्या सर्व्हिस रोडने चाला. तिथे उलट्या दिशेने येणारे स्कूटरवाले आणि उंटगाड्या भेटतात, पण ट्रकपेक्षा त्या परवडल्या. डांबरी रस्त्यावर जाड खाचांच्या टायरची ही सायकल म्हणजे चिखलातून चालल्यासारखी. उभं राहून पेडल मारलं की मागचा स्प्रिंग खालीवर डोलतो आणि सायकल जागच्या जागी उठाबशा काढते. उपाय एकच, बसून, हलक्या गिअरवर, एका लयीत चालवायची. सुहास त्याच्या हार्डटेलवर सहज पुढे निघून जायचा, मग थांबून मागे बघायचा. दर दोन किलोमीटरला तो मागे बघत होता. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी त्याला सांगितलं की मान दुखेल.

चौमूंला पोचायला नऊ वाजले. घरापासून पंचेचाळीस किलोमीटर. बस स्टँडजवळ एका हलवायाकडे दोन-दोन कचोऱ्या खाल्ल्या, कढी घालून. दोघांचा पोटभर नाश्ता दीडशेच्या आत झाला. तिथून सामोदपर्यंतचा शेवटचा पट्टा या प्रवासातला सगळ्यात सोपा. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, मधूनमधून जव आणि मटाराची शेतं, आणि समोर हळूहळू वर येणारा अरवलीचा कणा. मे-जूनमध्ये हाच रस्ता तव्यासारखा असतो, म्हणून यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

सामोदच्या महालात राहायचं तर खिसा मोठा लागतो. आम्ही गावात भंवरजींच्या घरी उतरलो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, गरम पाण्याची बादली, रात्री बाजरीची रोटी, लसणाची चटणी आणि ताक, सगळं मिळून दोघांचे बाराशे. भंवरजी साठीचे, पूर्वी ट्रक चालवायचे. माझी सायकल त्यांनी मागून दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. विचारलं की ही मुळात एवढी हलते का. मी सांगितलं की हलण्याचेच पैसे दिलेत. त्यांना ते पटलं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचंही तसंच असतं म्हणाले.

डोंगरावर जायची वाट त्यांनीच समजावली. हनुमानाच्या देवळाच्या पायऱ्या सोडून द्यायच्या, तिथे भाविकांची गर्दी असते. गावाच्या उत्तरेला बकऱ्यांची वाट आहे, ती डोंगराच्या सोंडेवरून चढते आणि पलीकडून उतरते. सायकल घेऊन जाणार असाल तर गावात कुणालातरी सांगून जा. आम्ही भंवरजींनाच सांगितलं.

रविवारी सकाळी सातला चढायला लागलो. चढ तीन किलोमीटर, त्यातला निम्मा सायकल ढकलत. सतरा किलोचा खरा अर्थ इथे कळतो. सुहास त्याची सायकल वर ठेवून माझी घ्यायला परत खाली आला, मी दिली नाही. खांदा दुखत होता, कमर दुखत नव्हती. वर पोचल्यावर सांध्याचा बोल्ट तपासला. पाव फेरा ढिला झाला होता, आवळला. मागच्या टायरमधली हवा थोडी कमी केली.

उतार पाहिला. आधी गवताची सरळ वाट, मग खडकांच्या पायऱ्या, तीसेक मीटर, आणि शेवटी खोल वाळूचं वळण. अवघड म्हणावा असा नाही. आमेरचाही नव्हता. सुहास म्हणाला, "मी आधी जातो, चाक कुठून न्यायचं ती रेषा दाखवतो."

मी नको म्हटलं. मी आधी जाणार होते आणि मला खालून कुणाचा आवाज नको होता. त्याचा चेहरा उतरला, पण तो बाजूला झाला.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी सांगते, पेडलवर उभं राहायचं, गुडघे सैल, वजन मागे, नजर चाकासमोर नाही तर पुढच्या वळणाकडे. हे सगळं मला पाठ होतं आणि पहिल्या खडकाशी येईपर्यंत सगळं विसरले. दोन्ही ब्रेक करकचून दाबले. पुढचं चाक घसरायला लागलं. त्याच क्षणी मागचं चाक खडकावरून खाली आलं आणि मी ज्या दणक्यासाठी दात आवळले होते तो आलाच नाही. नुसती एक मोठी उसासल्यासारखी हालचाल झाली आणि सायकल सरळ उभी राहिली. मग मी पुढच्या ब्रेकवरची बोटं एकेक करून उचलली. कुणाच्या सांगण्यावरून नाही. पुढचा खडक, त्याच्या पुढचा, मग वाळू. वाळूत चाक रुतलं आणि मी हळूच बाजूला कलंडले, गवतात. उठून पहिल्यांदा कमरेला हात लावला. ठीक होती.

वर पाहिलं तर सुहास सायकल खांद्यावर घेऊन चालत उतरत होता. पहिल्या खडकापासूनच. मला वाटलं काही मोडलं. जवळ आला तेव्हा विचारलं, काही मोडलं नव्हतं.

त्याने सायकल आडवी ठेवली आणि शेजारी बसला. बाटलीतलं पाणी प्यायला. मग म्हणाला, "त्या दिवशीही मी चालतच उतरलो होतो."

मला आधी कुठला दिवस ते कळलंच नाही.

"आमेरला. अर्ध्यावर सायकलवरून उतरलो आणि ढकलत खाली आलो. तुला वळणामुळे दिसलं नाही. मग खालून तुला ओरडत राहिलो."

बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा पलीकडून ऐकू येत होत्या. मी हेल्मेटचा पट्टा सोडला, पुन्हा लावला. राग आला का, असं कुणी विचारलं असतं तर तेव्हा नाही म्हटलं असतं. मी विचार करत होते तो त्या चौदा महिन्यांचा. त्यात मी स्वतःला हजारदा विचारलं होतं की जो उतार त्याला जमला तो मला का जमला नाही. फिजिओथेरपीच्या टेबलावर पडून, ऑफिसात, अंघोळ करताना. मी घाबरट आहे, असं मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

भंवरजींकडे येऊन सामान घेतलं, पैसे दिले. त्यांनी विचारलं, कसं झालं? मी चांगलं झालं म्हटलं. ते खरंच होतं.

चौमूंपर्यंत मी पुढे होते आणि मागे बघत नव्हते. वारा समोरून होता, कमर आता थोडी कुरकुरायला लागली होती, म्हणून चौमूंच्या भाजी बाजारात जयपूरला निघालेली एक पिकअप गाठली. मागे मटाराच्या पोत्यांवर सायकली बांधल्या, पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं. चारशे रुपये ठरले. परतीला हा पर्याय लक्षात ठेवा, दुपारनंतर गाड्या सहज मिळतात.

अर्ध्या तासाने मी मराठीत विचारलं, कारण मराठी तिथे फक्त आम्हा दोघांना कळणार होती. "चौदा महिने का नाही सांगितलंस?"

सुहास रस्त्याकडे बघत म्हणाला, "आधी तू हॉस्पिटलमध्ये होतीस. मग तू बरी होत होतीस. आणि मग लक्षात आलं की तू मला दोष देतच नाहीयेस. ते मला बरं वाटायला लागलं."

"मी स्वतःला देत होते."

"माहीत होतं मला," तो म्हणाला.

तेव्हा मात्र राग आला. इतका, की मला त्या गाडीतून उतरायचं होतं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला आणि थोड्या वेळाने अदबीने म्हणाला, "मैडमजी, किराये की बात हो तो पचास कम दे देना." उतरताना मी त्याला ठरलेले चारशेच दिले.

घरी येऊन तीन आठवडे झाले. सायकलबद्दल विचाराल तर माझं मत असं. कमर धडधाकट असेल तर या किमतीत हार्डटेलच घ्या, सुहासचं ते म्हणणं बरोबर आहे. पण पाठीचं दुखणं असेल, वेगाची घाई नसेल आणि चढावर ढकलायची तयारी असेल, तर जुनी, जड, स्प्रिंगवाली फुल सस्पेन्शन सायकल चालेल. शॉक दोनदा दाबून बघा, तेल गळतंय का पाहा, सांधे हलवून बघा.

पहिला आठवडा आम्ही कामापुरतं बोललो. मग सुहास रस्त्यावरची सायकल घेऊन एकटा जायला लागला आणि मी डोंगरात. त्याला उतार कधी आवडलेच नव्हते, हे त्याने आता सरळ सांगून टाकलंय. तो माझ्यासाठी यायचा, आणि मला वाटायचं मी त्याच्यासाठी. आता परत आलो की एकमेकांना वाट कशी होती ते विचारतो. एका रविवारी उत्तर लांबलं, एका रविवारी नाही. मी त्याला माफ केलंय का, हे मला अजून सांगता येत नाही. उताराची भीती मात्र कमी झाली आहे.

हा लेख टाकण्याआधी त्याला वाचायला दिला. नको असेल तो भाग काढते, असं सांगितलं. त्याने दोनदा वाचला आणि काही काढायला सांगितलं नाही. फक्त एक दुरुस्ती सुचवली. आमेरला तो अर्ध्यावर सायकलवरून उतरला नव्हता. त्याने तो उतार सुरूच केला नव्हता, अगदी वरूनच चालत आला होता. लेखातलं त्याचं वाक्य मी तसंच ठेवलं आहे, कारण सामोदला तो तेवढंच बोलला होता. उरलेलं अर्धं हे असं, परवा संध्याकाळी, स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलेलं.