पाच विरुद्ध दोन मतांनी झालेला गोल

काचेची नळी उजेडाकडे धरायची, डावा डोळा मिटायचा आणि आकडा सांगायचा. समोरचा कुरकुरला तर बाई एवढंच म्हणायच्या, "हाय ते हाय." मग पुढची किटली.

तुम्ही कधी सकाळी गावच्या दूध डेअरीवर उभे राहिला असाल, तर फॅटच्या आकड्यावरून माणसं किती भांडतात हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या केंद्रावर आसपासच्या आठ गावांचं दूध यायचं आणि फॅट काढायचं काम या बाईंकडे होतं. सोसायटीचा सचिव मी. बाई नळी बघायच्या, मी आकडा वहीत लिहायचो. नऊ वर्षांत त्यांच्या आकड्यावर लेखी तक्रार एकही नाही. मी फाइल तपासून सांगतो आहे.

त्या वर्षी पाण्याअभावी ऊसच नव्हता. तोडीला गेलेली घरं लवकर परतली, तलाव आटला, शाळेला सुट्टी लागली आणि पोरं दिवसभर पारावर बसून राहू लागली. तलावाचं तळ मात्र हाताने सारवल्यासारखं सपाट झालं होतं. ते पाहून चौदा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल लीग काढायची कल्पना मला सुचली. मी स्वतः फुटबॉल कधी खेळलो नव्हतो, पण नियमावली लिहायला खेळावं लागत नाही अशी माझी समजूत होती. आठ गावं, आठ संघ, सामने अठ्ठावीस आणि वर अंतिम सामना. संघात अकराऐवजी सात मुलं, कारण निम्मी मुलं आळीपाळीने जनावरांबरोबर चारा छावणीत असायची.

सात जणांची समिती नेमली. चेअरमन तेच, जे सोसायटीचे होते. पहिल्या सभेत मी सिरसाळ्याच्या बाजारातून आणलेल्या पुस्तिकेवरून ऑफसाइडचा नियम चाळीस मिनिटं समजावून सांगितला. शेवटी चेअरमननी विचारलं, "सेक्रेटरी, तुमाला तरी कळला का?" मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो. सात विरुद्ध शून्य मतांनी ऑफसाइड रद्द झाला. तशी सूचना मीच मांडली होती.

पंच कोण, यावर मात्र तीन सभा वाया गेल्या. वरच्या गावाला खालच्या गावचा माणूस नको, खालच्याला वरचा नको. कोणीतरी चेष्टेने म्हणालं, मग डेअरीवरच्या बाईंनाच द्या शिट्टी. कोणी हसलं नाही. आठही गावं रोज दोन वेळा ज्याचं ऐकत होती, असं दुसरं माणूस तालुक्यात नव्हतं.

बाई पदर खोचून, स्लीपर काढून, अनवाणी मैदानात उतरल्या. पुस्तिका त्यांनी वाचली नाही. हात लागला की शिट्टी, पाय घातला की शिट्टी. एखादं पोरगं धक्का न लागता लोळायला लागलं, की त्याच्याजवळ जाऊन शांतपणे म्हणायच्या, "पाणी हाय." म्हणजे दुधात घातलेलं. आठ दिवसांत तो आमच्या लीगचा अधिकृत शब्द झाला. कडेला बसलेली म्हातारी माणसंही ओरडायची, "पाणी हाय बे, उठ." नियमावलीत मी त्याची व्याख्या घातली. कलम बावीस.

अंतिम सामना वरचं गाव विरुद्ध खालचं गाव. वरचं गाव चेअरमनचं. गोलपोस्ट म्हणजे दोन बांबू आणि वर दोरी. जाळी नव्हती. एक-एक बरोबरी असताना, वेळ संपायला दोन मिनिटं होती आणि चेअरमनच्या नातवाने लांबून चेंडू मारला. दोरी हलली. वरचं गाव नाचत मैदानात आलं. बाईंनी हात आडवा हलवला. चेंडू दोरीला घासून वरून गेला होता.

चेअरमन माझ्याकडे बघून म्हणाले, "सेक्रेटरी, नियम काय म्हणतो?"

नियम मीच लिहिला होता. पंचाच्या निर्णयावर हरकत असल्यास समितीकडे लेखी अर्ज, कोरम पाच. सोसायटीच्या पोटनियमांतून मी ते कलम जसंच्या तसं उचललं होतं. संध्याकाळी डेअरीच्या खोलीत सभा भरली. सातही हजर. विषय क्रमांक एक : सदर गोल झाला किंवा कसे. हात वर करून मतदान झालं आणि पाच विरुद्ध दोन मतांनी गोल मंजूर झाला. आधी चार विरुद्ध दोन होते. पाचवा हात माझा.

बाई बाहेर संध्याकाळचं दूध घेत होत्या. सगळं ऐकू जात असणारच. सभा संपल्यावर आत आल्या आणि शिट्टी माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "जमा करून घ्या. पोच द्या." मी पोच लिहून दिली, सही-शिक्क्यासह. आज विचार करतो तेव्हा त्या सही-शिक्क्याचीच मला जास्त लाज वाटते.

दुसऱ्या सकाळी वरच्या गावचा एक सभासद कमी फॅट ऐकून म्हणाला, "बाई, हात वर करून घ्यायचं का?" रांग हसली. बाईंनी आकडा पुन्हा सांगितला, मी लिहिला. तिसऱ्या दिवशी तिघांनी फेरतपासणी मागितली, सहाव्या दिवशी एकोणीस जणांनी. फेरतपासणी म्हणजे पुन्हा ॲसिड, पुन्हा नळी फिरवणं, प्रत्येकी दहा मिनिटं. दूध संघाचा टेम्पो थांबत नसतो. सातव्या दिवशी तो निघून गेला आणि एकशे चाळीस लिटर दूध उन्हात नासलं. विहिरी कोरड्या, पिकं नाहीत, आठ गावांत हातात येणारं तेवढं एक दूधच होतं, आणि ते बाईंच्या एका डोळ्याच्या भरवशावर उभं होतं. तो भरवसा आम्ही सभा घेऊन मोडला होता, कोरम तपासून.

आठव्या सकाळी रांग लागल्यावर मी वही मिटली आणि उभा राहिलो. भाषण मला जमत नाही. मी म्हणालो की तो गोल मी पाहिलाच नव्हता. चेंडू मारला तेव्हा मी खाली मान घालून मागच्या कॉर्नरची नोंद करत होतो. मान वर केली तेव्हा फक्त दोरी हलताना दिसली.

बाई हातातली नळी तशीच धरून म्हणाल्या, "मंग हात कावून वर केला?"

"चेअरमन माझ्याकडं बघत होते," मी म्हणालो.

"मी बॉलकडं बघत व्हते."

रांगेत समितीचे आणखी दोघे होते. एकाने कबूल केलं की तो तेव्हा बाभळीला म्हैस बांधत होता. दुसरा म्हणाला, मी सेक्रेटरीच्या वहीकडं बघून हात वर केला, म्हटलं यांनी लिहिलंय म्हणजे पाहिलं असंल. म्हणजे त्याचंही पाप माझ्याच वहीत आलं. मी लगेच फेरसामन्याचा ठराव मांडतो म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "फाटलेलं दूध पुन्हा तापवून काय व्हतंय? पुढची किटली आणा." पुढची किटली चेअरमनच्या घरची होती, गडी घेऊन आला होता. आकडा कमी निघाला. गड्याने मान हलवली आणि मला म्हणाला, "लिवा." त्या दिवशी फेरतपासणी कोणी मागितली नाही.

विजेतेपदाची ढाल वरच्या गावातच राहिली. शिट्टी बाईंनी पुढच्या हंगामात परत घेतली, पण आधी माझी जुनी पोच माझ्या हातात देऊन ती माझ्याकडूनच फाडून घेतली.

पुढे दूध आटतच गेलं. टेम्पो यायचा बंद झाला आणि केंद्राला कुलूप लागलं. बाई अंबाजोगाईला लेकीकडे गेल्या. ती तिथे दवाखान्यात नर्स आहे. लीग अजून चालते. पंच आता एक शिक्षक आहेत. त्यांच्याकडे पिवळं कार्ड आहे, लाल आहे, आणि त्यांना ऑफसाइड कळतो. पहिल्या वर्षी त्यांनी एका पोराला "पाणी हाय" ऐकून प्यायला पाणी दिलं होतं.

नियमावलीत मी एकच भर घातली. हरकतीच्या अर्जावर समितीतल्या प्रत्येक नावापुढे रकाना : स्वतः पाहिले काय? ज्याचं उत्तर नाही, त्याला मत नाही. तेव्हापासून अकरा अर्ज आले. नऊ वेळा मत द्यायला कोणी उरलंच नाही. माझ्या नावापुढे अकराही वेळा 'नाही' आहे, कारण नोंदी मीच ठेवतो.

हे सगळं मी मागच्या महिन्यात बाईंना फोनवर सांगितलं. मला वाटलं, रकाना ऐकून शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "सेक्रेटरी, एक दिवस वही दुसऱ्याकडं द्या की. लेकरं लई चांगली खेळतेत."

गेल्या रविवारी दिली. खरंच चांगली खेळतात.