आठच होता

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर ती सासरहून कडेगावला आमच्याकडे आली, ती कायमचीच. आठवड्यातून दोनदा सांगलीला डायलिसिस. उरलेल्या दिवसांत ती लग्नांची शूटिंगं कापून, जोडून फिल्म तयार करायची. कॅमेरावाले घरी आणून द्यायचे.

कॉम्प्युटर जुनाट. कऱ्हाडला मी ज्या कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला होतो, तिथं मोडीत निघालेला. एका फिल्मला आख्खा दिवस घ्यायचा.

"जरा पळीव की रं ह्याला," आक्का म्हणाली.

मदरबोर्डावर एक चिप असते. सगळ्या भागांना ताल तीच देते. तिचा नंबर कळला तर छोट्याशा सॉफ्टवेअरमधून तो ताल वाढवता येतो. नंबर चुकला तर मशीन जागीच थिजतं. मी झाकण काढलं. पत्र्याच्या चकचकीत डबीशेजारी ती चिप सापडली, पण अक्षरं पार पुसट. आक्कानं त्यावर खडूची भुकटी चोळली, मी बॅटरीचा उजेड तिरपा धरला. शेवटचा आकडा सहा की आठ, यावर आम्ही भांडलो.

"आठच हाय. माजं रगात नासलंय, डोळं न्हाई."

आठच होता. यादीतून ती चिप निवडली, ताल थोडा थोडा चढवला. सकाळी लावलेली फिल्म दुपारच्या जेवणाआधी तयार. आक्का कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.

त्या जुन्या बोर्डात हार्ड डिस्कची वाटही त्याच तालावर चालते, ताल चढला की तिच्यावर लिहिलेलं बिघडतं, हे मला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी फायली दिसत होत्या, पण उघडेनात. सगळं विस्कटलं होतं. त्यात मलकापूरचं एक लग्न होतं. कॅमेरावाल्यानं कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला नेलेलं. आणि त्या नवरीचे वडील लग्नानंतर पंधरवड्यातच वारले होते.

"मी जाऊन सांगतो," मी म्हणालो.

"न्हाई. काम माजं हुतं."

आम्ही दोघंही गेलो. नवरीच्या आईनं पाणी दिलं. आक्कानं आडपडदा न ठेवता सांगितलं. बाईंनी रिकामा तांब्या आत नेऊन ठेवला. मग म्हणाल्या, "ताई, चित्र न्हाई तर न्हाई. आवाज तरी? पाठवणीला पोरीला कायतरी म्हणलं हुतं त्येनी. गडबडीत मला ऐकूच आलं न्हाई."

आक्कानं नाही म्हणून मान हलवली.

येताना एसटीत ती एवढंच बोलली, "पळीव म्हणलं ते मीच."

त्यानंतर तिनं एकही लग्न हातात घेतलं नाही. कॅमेरावाले दोनदा आले, परत गेले. ती भिंतीकडं तोंड करून पडून असायची. वर्षाच्या आतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हातातलं काम सुटलं आन् पोरगी खचली." काम कशानं सुटलं, हे तिला अजून माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.